साहेबांच्या नावाची तालीम

नव्या साहेबांचं आडनाव मूळचं फ्रेंच. कागदावर वाचलं तर 'ब्यूचँप', पण म्हणायचं 'बीचम'. अमरावतीच्या पाद्रीबाबांना दोनदा पत्र टाकून मी याची खात्री करून घेतली होती. साहेब अकोल्याला येणार त्या सकाळी मी, हेडक्लार्क, कचेरीतल्या सगळ्या कारकुनांना उभं करून तेच नाव घोकून घेत होतो.

"माणसाचं नाव चुकवणं म्हणजे त्याचा अपमान!" मी दरडावलं.

तेवढ्यात भाकरीचं गाठोडं घेऊन एक म्हातारी दारात आली. "बाबूसाहेब, माहा गोवर्धन कुठी बसते? मी त्याची माय. बार्शीटाकळीहून आली."

"या नावाचं इथं कोणी नाही."

"बारा वर्सं झाले, इथंच हाय थो."

"बारा वर्षं मीही इथंच आहे, बाई. मला इथली माणसं माहीत नाहीत?"

तिनं वर पाहिलं. आमच्या डोक्यावर कापडी पंखा झुलत होता आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या पडवीत गेली होती.

"मंग हा पंखा कोन ओढून राह्यला?"

कारकून माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीजवळ जाऊन हाक मारली, "गोवर्धन!" दोरी हलतच राहिली. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. दोरी हलतच राहिली.

शेवटी त्याच्या आईसमोर, खाली मान घालून, मी रोजची हाक मारली.

"ए पंखा!"

दोरी लगेच थांबली.