शेंड्यावरून हात

सायबेरियातल्या ओम्स्कमध्ये एप्रिल संपत आला तरी बर्फ हलायचं नाव घेत नव्हता. उन्हाळा इथे आला-आला म्हणेस्तोवर जातो, म्हणून क्लावाने लवकर पिकणाऱ्या टोमॅटोचं बी फेब्रुवारीतच दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरलं होतं. खिडकीतली रोपं आता वीतभर झाली होती आणि त्यांची खोडं जाड व्हावीत म्हणून ती रोज सकाळी "माझा राजा तो, माझं सोनं ते" करत एकेकाच्या शेंड्यावरून हात फिरवायची.

तिच्या नवऱ्याला, एफिमला, एक दिवस राहवलं नाही.

"माझ्या डोक्यावरून कधी फिरवलास का गं असा हात?"

"तुला काय जुलैत टोमॅटो लागणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी एफिम बनियनवरच खिडकीशी स्टूल टाकून, दोन डब्यांच्या मधे मान खाली घालून गुपचूप बसला. क्लावा राजा-सोनं करत आली आणि तिने न थांबता त्याच्याही टकलावरून हात फिरवला. एफिमने सुखाने डोळे मिटले.



"याने चांगला जोर धरलाय," असं म्हणत तिने त्याला दंडाला धरून उठवलं, बाल्कनीत नेऊन उभं केलं आणि दार लावता लावता बजावलं, "आता रोज थोडा वेळ इथेच, थंडीची सवय झाल्याशिवाय मी कुणालाच बागेत लावत नाही."