पाळण्यातला मनीप्लांट

व्हरांड्यात पाय ठेवताच कुंदाताई थबकल्या. वाशाला साखळ्यांनी टांगलेल्या त्यांच्या शिसवी पाळण्यात काठोकाठ माती भरली होती आणि कडेवरून मनीप्लांट खाली लोंबत होता.

"बघितलंत का वहिनी? टाकाऊतून टिकाऊ!" त्यांची धाकटी नणंद शैला कौतुकानं म्हणाली. पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं हे कॉटेज तिनं घरातल्या जुन्या सामानानंच सजवलं होतं. "येणारा प्रत्येक जण आधी याचाच फोटो काढतो."

या पाळण्यात कुंदाताईंची अनघा वाढली होती. पुढे शैलाच्या मुलाच्या बारशाला त्यांनीच तो हौसेनं पाठवला होता. लग्नाला इतकी वर्षं होऊनही अनघाची कूस उजवत नव्हती, तेव्हा दर दिवाळीला शैलाच धीर द्यायची, "होईल हो वहिनी. पाळणा पुसून ठेवलाय मी. लागेल तेव्हा घेऊन जा." तेवढ्या शब्दावर कुंदाताई पुढची दिवाळी गाठायच्या.

"माती कधी भरलीस गं यात?"

"झाली की तीन वर्षं." शैला झारीनं पाणी घालत सहज म्हणाली, "म्हटलं, तुमच्याकडे आता कोणाला लागणारेय?"

म्हणजे गेल्या दिवाळीलाही यात मनीप्लांटच होता.

पाळण्याच्या बुडातून पाणी ठिबकू लागलं. "पण आज अशा अचानक? काही विशेष?"

अनघाला पाचवा महिना लागला होता. सगळ्यांच्या आधी शैलालाच सांगायचं, म्हणून त्या पहिल्या एसटीनं आल्या होत्या.

"विशेष कसलं? सहजच," म्हणत त्यांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत आणखी खाली सारला.