शेपूचा पासवर्ड

सोमवारी ऊन वर आलं तरी वाचनालयाचं फुकट वायफाय सुरू झालं नाही, म्हणून पायऱ्यांवरची पोरंपोरी तक्रार घेऊन शालनताईंच्या घरी आली. दाराशी चपलांचा ढीग दिसला आणि ती जागीच थांबली. ताईंचे यजमान भास्करराव बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्या ताई पहाटे गेल्या रे."

वायफाय ताईच सांभाळायच्या. दर सोमवारी घरात जी भाजी, तोच आठवड्याचा पासवर्ड. शेवटच्या सोमवारी शेपू होता. भास्कररावांनी ताटावर तोंड वाकडं केलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "अख्खं गाव आठवडाभर शेपू टाइप करणार आहे. तुम्ही नुसता खा."

तेराव्यानंतर समितीने वाचनालयाची किल्ली भास्कररावांनाच दिली. ते रोज बटण दाबतात आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिथेच उभे राहतात.

"काका, अजून शेपूच?" पोलीस भरतीचा अभ्यास करणारी रेश्मा एकदा वैतागली. "आता समोरचं दुकानसुद्धा आपल्याच नेटवर पिक्चर बघतं. माझा फॉर्म उघडत नाही. दोडका टाका ना!"

"दोडका कुठे केलाय? आजही शेपूच केलाय."

"तुम्हाला तर आवडत नाही!"

"नाहीच आवडत. पण तिच्यासारखा जमेपर्यंत करून बघतोय."

रेश्माने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या सोमवारी डबा मी आणते. त्यात असेल ते टाका."

तिने खरंच दोडका आणला. भास्कररावांनी तो चाटूनपुसून खाल्ला.

पासवर्ड बदलायचा मात्र अजून राहिला आहे.