पाचवं कांबळं

एमरिसने जळक्या रणगाड्यावर पाय ठेवला, तसा पाद्री टेगविन यांनी त्याचा दंड धरला.

"खाली उतर, बाळा. हे माझं काम."

ब्रिगेडमध्ये हा रिवाजच पडून गेला होता. रणगाडा जळाला की आत फक्त पाद्रीबाबांनी उतरायचं. ज्याला उद्या तसल्याच रणगाड्यात बसून लढायचंय, त्याने आज आत डोकावू नये, असं त्यांचं म्हणणं. वेल्सच्या या पाद्र्याच्या प्रवचनात निम्मं गाणंच असायचं. पण या कामाला जाताना ते गुणगुणतसुद्धा नसत.

"आत इडवाल आहे," एमरिस म्हणाला. "धाकटा भाऊ आहे माझा."

"म्हणूनच."

नॉर्मंडीतली ती सफरचंदांची बाग आता शांत होती. पलीकडच्या रस्त्यावर लष्करी पोलीस पळपुट्यांच्या शोधात येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत होते. पाद्रीबाबा वर आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आत पाचजण असायला हवे होते. सापडले चौघेच. तोफेत गोळे भरणाऱ्या इडवालच्या जागी नुसती राख. आगीने त्याचं काहीच मागे ठेवलं नव्हतं.

एमरिसने एवढंच विचारलं, "किती जण होते?"

खोटं बोलायची सवय नसली की जीभ जड होते. पण समोर सख्खा भाऊ उभा होता.

"पाच. सगळे."

"इडवालला तुम्ही स्वतः बघितलंत?"

"स्वतःच्या डोळ्यांनी. झोपल्यासारखा होता."

एमरिसने लांब श्वास सोडला. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. दुःख कधीकधी असंही गोठतं, हे पाद्रीबाबांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

चौघांना पुरण्यासाठी चार कांबळ्यांत शिवलं. पाचव्यात त्यांनी राखेबरोबर बागेतली ओली माती भरली आणि कुणाला हात लावू न देता स्वतःच शिवलं. नेमकं तेच एमरिसने खांद्यावर घेतलं. पाद्रीबाबांनी ते काढून घ्यायला हात पुढे केला.

"हलकाच आहे," एमरिस म्हणाला. "कार्टं कधी धड जेवायचं?"

खड्ड्यांपाशी पाद्रीबाबा असे गायले की बागेच्या मालकीण लेफोर बाईंच्या गाईंनीसुद्धा माना वळवल्या. देवा, एका भावाच्या जिवाला थंडावा मिळावा म्हणून खोटं बोललो, तेवढं पदरात घे, असं ते मनोमन विनवत होते.

चहाच्या वेळी एमरिसने एक मागणं घातलं. आईला पाद्रीबाबांनी काही लिहू नये. तिला कसं सांगायचं ते तोच बघेल. पाद्रीबाबांनी मान डोलावली. पोराने चहा घेतला, पण पाव तोंडाला न लावता खिशात घातला. त्यांनी आग्रह केला नाही. अशा दिवशी घास उतरतोय कुणाला?

दुपार कलल्यावर मागून आणलेलं फावडं परत करायला ते लेफोर बाईंकडे गेले. अंगणात कुणी नव्हतं, म्हणून ते गवताच्या कोठाराकडे वळले. फळ्यांच्या फटीतून एमरिसचा आवाज आला. बिचारा एकांतात रडायला आला असेल, जवळ बसावं, म्हणून त्यांनी दाराकडे हात नेला.

"खा गुमान," एमरिस कुणाला तरी सांगत होता. "आता तुला कोण शोधतंय? पाद्रीबाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी तुला मेलेला बघितलंय."