विसावी चिठ्ठी

त्या बोगुमिलाला लाज म्हणून नव्हती. आठ महिने झाले, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळात येऊन बसायची. बायकांच्या आवाजात आवाज मिसळून जपमाळ म्हणायची, कॉफी प्यायची, जॅम भरलेली पाँच्की दोन-दोन खायची. आणि सभासदत्वाचा अर्ज पुढे केला की हिला खिडकीबाहेरचं बर्फ दिसायला लागायचं. गेल्या तीन महिन्यांत गेनोवेफानं तीनदा अर्ज दिला. तीनदा तो सहीशिवाय टेबलावरच राहिला.

"सही केल्याशिवाय प्रार्थना वर पोचत नाही का, मावशी?" तिसऱ्यांदा ती म्हणाली.

"वरचं वरचा बघेल. खाली वही माझ्याकडे आहे," गेनोवेफा म्हणाली. बाकीच्या बायका कपात बघून हसल्या.

बफेलोच्या जुन्या पोलिश चर्चमधलं हे जपमाळ मंडळ गेनोवेफानं एकतीस वर्षं ताठ मानेनं चालवलं होतं. वीस बायका, वीस रहस्यं. एकेक रहस्य म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग. टोपलीतून चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचं रहस्य महिनाभर रोज घरी म्हणायचं. अशी वीस जणींची मिळून रोज एक माळ पुरी व्हायची. एकीनं चुकवलं की सगळ्यांची तुटली. म्हणून नियम कडक. बाप्तिस्म्याचा दाखला हवा, फादरचं पत्र हवं, सही हवी. आणि तीन महिने जिच्याकडून म्हणणं झालं नाही, तिचं नाव कापायचं. नाव कापलं की मेल्यावर शवपेटीपुढे मंडळाचं निशाण नाही, मेणबत्त्या धरलेल्या बायका नाहीत.

लेओकाडियाचं नाव कधीच कापायला हवं होतं. पाच महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. गेनोवेफा तिला बघायला एकदाच गेली. दहा मिनिटांत परत आली, नंतर गेली नाही. फादर म्हणाले, जागा भरा. म्हणून गेनोवेफानं आपल्या चार यत्तांच्या वाकड्या अक्षरात अर्जाची शेवटची ओळ भरूनही ठेवली होती. 'कोणाच्या जागी : लेओकाडिया.' बोगुमिलाला पहिल्यांदा हाताला धरून मंडळात आणलं होतं तेही लेओकाडियानंच. तिच्या जागेवर हिनं बसावं, यात वाईट काय होतं?

पण सही नाही म्हणजे नाही. लग्न चर्चबाहेर झालं असेल. नवरा पहिल्या बायकोला सोडून आलेला असेल. बाप्तिस्मा तरी झालाय का? गेनोवेफानं सगळं मनात घोळवून पाहिलं होतं.

त्यात चिठ्ठ्यांचं प्रकरण. ती वहीतून एकेक नाव पुकारायची, बाई उठून चिठ्ठी उचलायची. लेओकाडियाच्या नावाला कुणी उठत नसे. म्हणजे टोपलीत एक चिठ्ठी उरायला हवी. पाच महिने टोपली रिकामी. आधी तिला वाटलं, आपलं वय झालं. या महिन्यात तिनं वीस चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. एकोणीस गेल्या. कप विसळायला मागे कोण राहिलं? बोगुमिला. टोपली रिकामी.

गेनोवेफानं डोक्याला रुमाल बांधला, गुडघा दाबला आणि तिच्या मागं निघाली. दोन गल्ल्या, निसरडा चिखल. बोगुमिला थेट वृद्धाश्रमात शिरली.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. लेओकाडिया खिडकीपाशी खुर्चीत होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. मांडीवर जपमाळ. बोगुमिलानं चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"या महिन्यात तुला मंदिरात सापडलेला येशू आलाय. मागच्यापेक्षा बरा, नाही?"

मग ती म्हणू लागली, "नमो मारिये..." एकेक नमो मारिये संपली की लेओकाडियाचा अंगठा एक मणी पुढे सारी. एकदा बोगुमिला घाईत अर्धी ओळ गाळून गेली. अंगठा हललाच नाही. लेओकाडिया तिच्याकडे बघत राहिली.

"बरं बाई, पुन्हा," बोगुमिला म्हणाली, आणि तिनं पहिल्यापासून म्हटलं. मणी सरकला.

गेनोवेफा आत आली. "चिठ्ठी चोरतेस."

बोगुमिला दचकली नाही. "तिची तिला आणून देते. तिचा हात टोपलीपर्यंत पोचत नाही."

"रोज येतेस?"

"कामावरून सुटले की."

"मग सही करायला काय धाड भरते? लपवतेस काय?"

"अर्जाची शेवटची ओळ वाचा, मावशी. तुम्हीच लिहिलीय."

गेनोवेफानं पिशवीतून अर्ज काढला. आपलंच अक्षर, तरी तिला वाचायला बराच वेळ लागला. लेओकाडियाचा अंगठा पुढच्या मण्यावर थांबला होता.

तिनं अर्जाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो कोटाच्या आतल्या खिशात खुपसला.

"नीट ऐक, बोगुमिला," ती म्हणाली. "ही जिवंत आहे तोवर तुला मी मंडळात घेणार नाही. सही करते म्हणालीस तरी नाही. आणि चोरून टोपलीत हात घालणं बंद. पुढच्या महिन्यात मी लेओकाडियाचं नाव पुकारलं की सगळ्यांदेखत उठून यायचं."