एका अक्षराची जागा

शिवा पाथरवटाने बाकाच्या दगडावर खडूने 'कै.' काढलं आणि आवडाबाईने पदराने ते पुसून टाकलं. दुसऱ्यांदा.

"खडू संपल हां मावशी," शिवा म्हणाला.

"आये, सगळ्याच दगडांवर असतं तसं," सर्वेश म्हणाला. "भाऊ गेला त्याला वर्ष झालं. लोकं काय म्हणतील?"

"गेला? तू बघितलंस? गावला म्हणजे लिव मग."

मिरकरवाड्याच्या बंदरात, समुद्रात बेपत्ता झालेल्या तिच्या मुलाच्या, रितेशच्या नावाचं बाक बसवायचं होतं. मजकूर तपासायला सर्वेशने धोंडू मास्तरांना आणलं होतं. मास्तर निवृत्तीपासून रोमन शिपायांच्या थडग्यांवरचे कोरीव लेख वाचत. त्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

आता त्यांनी घसा खाकरला. मोबाईलवरचा एका थडग्याच्या दगडाचा फोटो मोठा करून आवडाबाईपुढे धरला.

"हा रोमन शिपाई. विलायतेत जहाज फुटून गेला. हुद्दा ऑप्टिओ. शंभर शिपायांचा नायक व्हायचा होता, अजून झाला नव्हता. दगडावर तसंच कोरलंय, वरच्या हुद्द्याच्या आशेवर."

"माझा पण औंदा तांडेल होनार होता. बोट त्याच्याच हातात द्यायची होती."

"हो ना. तर अशा दगडांवर शेवटी तीन अक्षरं असायची, 'इथे पुरला आहे' ह्या तीन शब्दांची एकेक. ह्याच्यावर दोनच आहेत. 'इथे'चं अक्षर कोरलं नाही, नुसती जागा सोडली. देह मिळाला तर मग कोरू." मास्तर अडखळले. "असं जाणकार म्हणतात. मला काही नक्की सांगता येणार नाही."

आवडाबाईने काचेवरून त्या जागेवर बोट फिरवलं. फोटो सरकला. मास्तरांनी तो परत जागेवर आणला.

"मग मागनं कोरलानी का?"

उगाच काढला हा विषय, असं मास्तरांना झालं. 'हो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण जमलं नाही.

"नाही. दगडाचा वरचा भाग फुटला, त्यात त्याचं नावसुद्धा गेलं. ती जागा अजून मोकळीच आहे."

सर्वेशने मान दुसरीकडे वळवली. धक्क्यावर मासळीच्या लिलावाचा ओरडा चालला होता.

"म्हणजे कोणी खोटं भरलान नाय," आवडाबाई म्हणाली.

तिने खाली पडलेला खडू उचलून शिवाच्या हातात दिला. शिवाने 'कै.' पुसलं होतं तिथे दोन बोटं ठेवली, तेवढी जागा सोडली, आणि 'रितेश' लिहायला घेतलं.