घोसाळकरांची खुर्ची

"ए शहाण्या, सबमिट दाब ना! वीस वर्षं हेच फॉर्म तपासलेत मी, मला नको शिकवू!" घोसाळकर काका परळच्या सायबरमध्ये ओरडले. मुलीच्या सरकारी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती.

कॉम्प्युटरवर बसलेल्या संघर्षने त्यांना आल्या आल्याच ओळखलं होतं. चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या याच क्लार्कने करुणाताईचा फॉर्म अडवला होता. दर खेपेला एकच नवा कागद मागायचा, असं करत करत तारीख उलटून गेली. मग ताईची फी भरायला संघर्षने नववीतच शाळा सोडली आणि या सायबरमध्ये कामाला लागला.

डोकं सणकलं होतं, तरी त्याने सगळे कागद गुमान चढवले आणि सबमिट दाबलं.

"आता आमच्याच कॉलेजने मुदतीत पास केला की झालं," काका खूश झाले. "मी रिटायर झालो ना, माझ्या खुर्चीत कोणतरी नवीन पोरगी बसते म्हणे."

संघर्षने कॉम्प्युटर बंद केला.



"कागद लय बारीक बघते हां ती, काका. एका खेपेला एकच. चला, निघतो मी, ताईला कॉलेजात डबा द्यायचाय."